आठव्या पिस्तुलाचा आवाज

१

पेटीत फक्त एक घडी घातलेला कागद होता.

मंत्रालयातून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने तो दोन बोटांत धरून उचलला, उलटसुलट पाहिला आणि टेबलावर टाकून दिला. पेटीतल्या काळ्या फोममध्ये पिस्तुलाच्या वरच्या अर्ध्या भागाचा खळगा कोरलेला होता. खळगा जागेवर होता, वस्तू गायब होती. दोन हजार एक सालच्या नोव्हेंबरातली बुधवारची सकाळ. कुवेत सिटीबाहेरच्या त्या नेमबाजी क्लबच्या शस्त्रखोलीत चार माणसं उभी होती.

हरवली होती ती वस्तू म्हणजे किट. क्लबात नऊ मिलिमीटरची आठ पिस्तुलं होती. त्यांची काडतुसं महाग, आणि धक्का असा की नवशिक्याचं मनगट दुसऱ्या दिवशी चहाचा कपही उचलायला कुरकुरे. म्हणून उन्हाळ्यात आठव्या पिस्तुलासाठी हे किट आलं. पिस्तुलाची मूठ आणि चाप तोच ठेवायचा, वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, आणि नळी तेवढी काढायची आणि तिथे किटची हलकी स्लाइड व नळी चढवायची. मग तेच पिस्तूल पॉइंट टू-टूची इवलीशी काडतुसं उडवायचं. मोठ्या काडतुसाला पेटवायची पिन त्याच्या बुडाच्या बरोबर मध्यावर आदळते. छोट्याची दारू बुडाच्या कडेत भरलेली असते, म्हणून किटची पिन कडेवर आदळते. एवढाच काय तो फरक.

"काल संध्याकाळी पेटी उघडून बघितली होतीस?" क्लबच्या मुदीरने, म्हणजे व्यवस्थापकाने, हिंदीत विचारलं. मुदीरचं हिंदी मुंबईच्या टॅक्सीवाल्याला लाजवील असं होतं.

प्रश्न होता दत्तप्रसाद सामंतला. बावन्न वर्षांचा, कुडाळकडचा, चौदा वर्षं इथे शस्त्रभांडार सांभाळणारा माणूस. त्याचा हिशेब कधी चुकला नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांच्या आधी तो स्वतः म्हणत असे. रोज संध्याकाळी तो आठही पिस्तुलं एकेक करून हातात घ्यायचा, नंबर वाचायचा, कोपऱ्यातल्या वाळूच्या पिंपाकडे रोखून चाप ओढायचा. टक्. पिस्तूल रिकामं असल्याची खात्रीही झाली आणि आतल्या स्प्रिंगला आरामही मिळाला. ही शिस्त तो पुण्याजवळच्या शस्त्रांच्या कारखान्यातून शिकून आला होता. पेट्यांचं म्हणाल तर पेट्या तो मोजायचा. उघडत नसे. किटवर नंबर नाही, ते शस्त्र नाही, आणि सात वाजता बस सुटायची.

"होय साहेब," तो म्हणाला. "बघितली होती. किट आत होतं."

एक शब्द पुरला असता, त्याने तीन वाक्यं खर्च केली. खोटं बोलणाऱ्याचं हे असंच होतं.

मुदीरने किल्ल्यांची वही ओढली. मंगळवारी रात्री खोली सीलबंद. बुधवारी सकाळी सात ते नऊ किल्ली एकाच माणसाकडे होती, त्या दिवशीच्या तपासणीसाठी साफसफाई करणाऱ्या फिटरकडे. जयराम मेस्त्री.

दाराशी उभ्या असलेल्या जयरामने दत्तप्रसादकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच दत्तप्रसादला सहन झालं नाही. मग जयरामने मान खाली घातली.

"शनिवारी सकाळी आठला पोलीस येतील," मुदीर म्हणाला. "तोवर किट मिळालं तर ठीक. या देशाने बंदुका पुरेशा पाहिल्या आहेत. मी गंमत करत नाही."

२

जयरामला पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये बसवलं होतं. त्याचा पासपोर्ट क्लबच्या ऑफिसात जमा. दत्तप्रसाद दुपारी त्याच्यासाठी डबा घेऊन गेला. सहा वर्षांपूर्वी याचा व्हिसा त्यानेच करून दिला होता. जयरामच्या आईने, सीताबाईने, तेव्हा एसटी स्टँडवर त्याचे दोन्ही हात धरले होते. "आता तुमीच बघा माझ्या झिलाक," म्हणाली होती. आणि त्याने बघितलं होतं ते हे असं.

"जयराम, खरा सांग माका. तू घेतलंस?"

"मी चोरूक नाय, भाऊ."

"मगे कोणी?"

जयरामने डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा लावलं. "माका इचारू नकात. मी येकदा तुमका सांगूक बघलंय. तुमी आयकूक नाय. आता रवांदे."

"काय सांगूक बघलंस?"

जयरामने डबा बाजूला सारला. दत्तप्रसादला काही आठवेना. तसं त्याचं ऐकून घेण्याबद्दल नाव नव्हतंच.

तो तडक ऑफिसात गेला. तिथे उदय केळकर होता, क्लबचा सचिव. पुण्याचा, टापटिपीचा, पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवणारा.

"सामंत, तुम्हाला वाईट वाटतंय, ते दिसतंय," उदय म्हणाला. "पण तुमच्या साक्षीने सगळं स्पष्ट झालंय. मंगळवारी संध्याकाळी किट होतं. बुधवारी सकाळी नाही. मध्ये फक्त मेस्त्री."

"मंगळवारी दिवसा तो कुठे होता?"

"अर्धी रजा घेऊन शुवैखला गेला होता. दाढ दुखतेय म्हणाला." उदय हसला. "शुवैखमध्ये गॅरेजं आणि गोदामं. तिथे दातांना कोण बघणार, वेल्डर? पण त्याचा उपयोग काय? संध्याकाळी तुम्ही किट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत. म्हणजे शुवैख यातून बाद."

शुवैख बाद झालं होतं ते केवळ त्याच्या खोट्यामुळे. साऱ्या क्लबात तो एकटाच असा होता, ज्याला ठाऊक होतं की बाद करायचं काहीच कारण नव्हतं. आणि हे सांगायचं तर आधी आपलं खोटं कबूल करावं लागणार होतं.

त्याने सांगितलं नाही. शनिवारपर्यंत खरा चोर सापडला, तर त्या तीन वाक्यांना कोणी हात लावणार नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

३

गुरुवारी सुट्टीचा दिवस असल्याने रेंजवर गर्दी होती. दत्तप्रसाद डोकं लढवत बसला. चोर हवा तर त्याला कारण हवं. पण किट नुसतं घेऊन करणार काय? खालची मूठ आणि चाप नसेल तर ते आगपेटीशिवायच्या काडीसारखं. ती मूठ आठव्या पिस्तुलाची, आणि ती तर कपाटात होती. ज्याला हत्यार हवं तो अख्खं पिस्तूल नेईल. शिवाय छोट्या काडतुसांची खोकी त्याने मोजली. एकही गोळी कमी नव्हती. म्हणजे ज्याने किट नेलं, त्याला गोळी झाडायचीच नव्हती. त्याला किटच हवं होतं, किटसाठी.

यूसुफ, म्हणजे क्लबचा इजिप्शियन प्रशिक्षक, किटला 'खेळणं' म्हणायचा. त्याचा संशय धरावा असं दत्तप्रसादच्या मनात आलं, खरं तर त्याची तशी फार इच्छा होती.

"मी कशाला चोरू?" यूसुफ त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "खेळणं बिघडलेलं. दोन हफ्ते झाले, अडकतं. मी म्हटलं गोळ्या खराब."

"मला कोणी बोललं नाही."

"तुम्हाला?" यूसुफने हात हवेत उडवला. "तुमची पिस्तुलं खराब होतात असं तुम्हाला कोण सांगणार? जयरामला सांगितलं."

किटवर सराव करणारी मुख्यतः असमा. एकोणीस वर्षांची, क्लबच्या मुलींच्या संघातली, बोलायची इंग्रजीत आणि भराभर. ती म्हणाली की आधी गोळी सहज बसायची, मग अंगठ्याने ढकलावी लागायची, आणि गेल्या आठवड्यात तर दहातल्या चार फुटायच्याच नाहीत. "जयराम म्हणाला, दोन दिवस थांब, मी बघतो. अंकल, त्याने चोरी केली नाही. चोर कधी दुरुस्त करतो म्हणेल का?"

तिने आपल्या बॅगेतून दोन डब्या काढल्या. गोळ्या लक्ष्यावर अगदी जवळजवळ बसल्या की ती त्या दिवसाच्या उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आठवण म्हणून ठेवायची आणि झाकणावर तारीख लिहायची. एक डबी ऑगस्टची, एक नोव्हेंबरची.

दत्तप्रसादने चष्मा वर केला आणि पुंगळ्या टेबलावर ओळीने मांडल्या. ऑगस्टच्या पुंगळ्यांच्या अंगावर केसाएवढा बारीक ओरखडा. नोव्हेंबरच्या पुंगळ्यांवर तोच ओरखडा, पण नखाने चाचपावा इतका खोल. आणि प्रत्येक पुंगळीवर त्याची जागा एकच होती. बुडाच्या कडेवर जिथे पिनेचा ठोका पडला होता, बरोबर त्याच्या खालून तो ओरखडा निघाला होता.

नळीच्या मागच्या तोंडाशी, गोळी बसते तिथल्या कडेला, आत काहीतरी टोचत होतं. टोचणारी ती जागा पिनेच्या नेमकी समोर. म्हणजे पिन स्वतःच नळीच्या कडेवर आदळून तिथे खाच पाडत होती. पण गोळी बसलेली असताना पिन गोळीवर आदळते, नळीपर्यंत पोचतच नाही. मग नळी रिकामी असताना चाप कोणी ओढला? आणि तोही एकदा नव्हे. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, थोडं थोडं, वाढत वाढत.

असमा आठवड्यातून दोनदा यायची. यूसुफ किटला हातही लावत नसे. जयराम किट साफ करायचा ते शनिवारी आणि मंगळवारी.

"हे रोजचं काम आहे," दत्तप्रसाद स्वतःशी पुटपुटला. "रोज किटला हात लावणारा माणूस कोण?"

४

संध्याकाळी साडेसहाला त्याने नेहमीप्रमाणे शस्त्रखोली उघडली. चोर पकडायचा असो वा नसो, मोजणी चुकवून चालणार नव्हतं.

पहिलं पिस्तूल. नंबर वाचला, पिंपाकडे रोखलं. टक्. दुसरं. टक्. तिसरं, चौथं. हात आपोआप चालत होता, मन पुंगळ्यांत होतं. आठवं उचललं, रोखलं, चाप ओढला. टक्.

तो थांबला.

आवाज जाड होता. नऊ मिलिमीटरच्या जड स्लाइडचा, बाकी सातांसारखाच. आणि त्याच्या कानाला एकदम जाणवलं की चार महिने आठवं पिस्तूल असं बोलत नव्हतं. किट चढवलेलं असायचं तेव्हा त्याचा आवाज बारीक यायचा, चमचा कपाला लागावा तसा. सोमवारी संध्याकाळी बारीक आवाज आला होता. मंगळवारी जाड. म्हणजे मंगळवारी संध्याकाळीच किट पिस्तुलावर नव्हतं, आणि एकदा चढवल्यापासून ते कोणी काढून पेटीत ठेवलंही नव्हतं. ते सोमवारच्या संध्याकाळनंतर आणि मंगळवारच्या संध्याकाळच्या आत गेलं होतं. शुवैखच्या त्या अर्ध्या रजेत.

पण हा शोध त्याला क्षणभरच पुरला. कारण तो बारीक आवाज. चार महिने. रोज.

टेबलावर बुधवारपासून तो कागद तसाच पडला होता, पेटीतून निघालेला. त्याने घडी उलगडली. मजकूर त्याला न कळणाऱ्या कुठल्यातरी युरोपी भाषेत होता, पण शेजारी चित्र होतं. किट चढवलेलं पिस्तूल, आत गोळी नाही, चापावर बोट. आणि त्या सगळ्यावर लाल रंगाची ठळक फुली.

पेटी पहिल्याच दिवशी उघडली असती, तर हा कागद सर्वांत वर होता.

दत्तप्रसाद स्टुलावर बसला. त्याला सगळं आठवलं. महिन्यापूर्वी याच खोलीत, यूसुफच्या आणि दोन सभासदांच्या देखत, जयराम चाचरत म्हणाला होता, "भाऊ, ह्या ल्हान नळीक तसा मारू नये असा वाटता." आणि तो म्हणाला होता, "चौदा वर्षं झाली मला. तू शिकवणार?" सगळे हसले होते. जयरामही हसला होता, बिचारा.

तो चोर शोधायला निघाला होता. आता त्याला स्वतःच्याच बोटाकडे बघवेना.

५

शुक्रवारी शुवैख बंद असतं. गॅरेजांची शटरं खाली, रस्त्यावर तेलाचे डाग आणि मांजरं. लेथवर धातूचं काम करणाऱ्यांपैकी जयरामच्या ओळखीचा एकच होता, ओडिशाचा शत्रुघ्न, आणि तो दुकानामागच्या खोलीतच राहायचा. दत्तप्रसादने शटर वाजवलं.

शत्रुघ्नने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आप दत्ता भाऊ?"

"होय."

तो आत गेला आणि कापडात गुंडाळलेली वस्तू घेऊन आला. किट. सोबत बोटभर लांबीची, टोकाकडे निमुळती घासलेली पोलादी दांडी. "चेंबर का किनारा अंदर दब गया था. ये डंडी बनाके धीरे धीरे वापस बिठाया. बुधवार दोपहर को देने का था. जयराम आया ही नहीं." त्याने भिंग पुढे केलं. "देखिए निशान. एक के ऊपर एक, एक ही जगह. मैंने पूछा, ये कौन रोज घंटी बजाता है इसमें?"

"काय म्हणाला तो?"

"बोला, एक भले आदमी हैं, मुझे यहाँ लाए. उनको पता नहीं. पता चला तो शर्म से मर जाएँगे. चुपचाप ठीक करके रख दूँगा."

दत्तप्रसादने भिंग डोळ्याला लावलं, पण त्याला धड काही दिसलं नाही. डोळे भरून आले होते. ज्याला त्याने तीन वाक्यांत तुरुंगाच्या दारात नेऊन उभं केलं, तो तीन दिवस त्याचीच लाज झाकून बसला होता.

संध्याकाळी त्याने उदयच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. उदयने शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"सामंत, किट मिळालं ना? दुरुस्तही झालं. उद्या म्हणा, कपाटामागे पडलं होतं. मेस्त्री सुटला, तुम्ही सुटलात. तुमची सेवा संपायला दोन वर्षं राहिलीत. कशाला स्वतःच्या हाताने?"

दत्तप्रसादला ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी जाईपर्यंत पटलेलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की मंगळवारी किट पेटीत 'बघितलं' असेल, तर ते कपाटामागे नेऊन लपवणारा माणूसही बुधवारी सकाळचाच, म्हणजे जयरामच. त्याचं खोटं जिवंत राहिलं की जयराम चोर राहणार. चोरी साधली नाही एवढाच फरक. ते एक खोटं कुठूनही वळसा घालून जयरामच्याच दाराशी जात होतं.

६

शनिवारी आठला मुदीरच्या खोलीत पोलीस अधिकारी, उदय, यूसुफ आणि जयराम. दत्तप्रसादने किट टेबलावर ठेवलं. शेजारी दोन पुंगळ्या आणि तो कागद.

"मंगळवारी मी पेटी उघडली नव्हती," तो म्हणाला. "कधीच उघडली नाही. बुधवारी मी खोटं बोललो."

उदयने डोळे मिटून घेतले.

"भाऊ, नको," जयराम हळूच म्हणाला.

"गप रव. आता माका सांगूक दी." मग हिंदीत, न थांबता, त्याने सगळी संगती लावून दाखवली. काडतुसं शाबूत, म्हणजे चोरी नाही. पुंगळ्यांवरचा ओरखडा पिनेच्या ठोक्याखाली, म्हणजे रिकाम्या नळीवर चाप. ओरखडा वाढत गेलेला, म्हणजे रोजचा हात. मंगळवारी जाड आवाज, म्हणजे किट दुपारीच बाहेर. जयरामने ते नेलं ते माझी चूक झाकायला.

"रोजचा हात कोणाचा?" पोलीस अधिकाऱ्याने विचारलं.

दत्तप्रसादने उजवा हात पुढे केला, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे रोखला आणि रिकाम्या हवेतला चाप ओढला. यूसुफने तो हात शेकडो वेळा पाहिला होता. त्याने मान हलवली.

मुदीर बराच वेळ पुंगळीवरून नख फिरवत राहिला. मग पोलीस अधिकाऱ्याशी अरबीत बोलला, दोघांचा आवाज चढला, उतरला, चहा आला. शेवटी ठरलं ते असं. क्लबची वस्तू क्लबात आहे, तक्रार मागे. जयरामने परवानगीविना किट बाहेर नेलं, त्याला लेखी ताकीद. आणि दत्तप्रसादकडे वळून मुदीर म्हणाला, "चूक मी माफ केली असती. चूक कोणालाही होते. पण तू एका माणसाला तुझ्या जागी उभं केलंस. महिनाअखेरीस तू घरी जा."

दत्तप्रसादला वाटलं होतं त्यापेक्षा हे हलकं होतं. आणि नेमकं याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

बाहेर व्हरांड्यात जयराम त्याच्या मागोमाग आला. "तुमी कपाटामागे गावला म्हणून सांगल्यात असतास तर चलला असता. मी कायेक बोललंय नसतंय."

"ठाऊक आसा माका," दत्तप्रसाद म्हणाला. "म्हणूनच."

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी किल्ल्या जयरामकडे आल्या. नवा भांडारपाल तोच, असं मुदीरने ठरवलं होतं. मोजणी त्याने केली, दत्तप्रसाद शेजारी उभा राहिला. सात पिस्तुलं, सात नंबर, पिंपाकडे रोखून सात वेळा टक्. आठव्यावर किट चढवलेलं होतं. जयरामने त्याची स्लाइड मागे ओढली, नळीत बॅटरी मारून पाहिलं, करंगळीने चाचपलं, आणि चापाला बोट न लावता ते कपाटात ठेवलं.

दत्तप्रसादचं बोट मात्र खिशातल्या खिशात वाकलं. चौदा वर्षांची सवय, तिला कोण काय सांगणार. त्याने मूठ घट्ट आवळून धरली.

मग जयरामने किटची पेटी टेबलावर आणली, झाकण उघडलं आणि त्याच्याकडे वळवली. आत पिस्तुलाची मूळची जड स्लाइड होती आणि वर तो लाल फुलीचा कागद. दत्तप्रसादने वाकून दोन्ही नीट पाहिलं. मग मोजणीची वही ओढून घेतली आणि सही केली.